काट्यांमागची शिळा

वस्ती, ३ मार्च १९६१

धर्मपालदादास पंचफुलेचा सप्रेम जयभीम.

इकडे सारे खुशाल. बाबांचा खोकला ऊन तापल्यापासून कमी आहे.

तू काढलेला फोटो घेऊन मी काल तहसिलात गेलती. पाटलानं सरकारी विहिरीभोवती काटे रचून आपलं पाणी बंद केलं, हे सायबाले सांगतलं. पाटील म्हणे, विहीर सरकारी नाहीच, माह्या बापाची आहे. फोटोत माह्या गालावरचा तीळ दिसते, पण मागची विहिरीवरची सरकारी शिळा निस्ती धुरावानी. तिच्यावरचं 'सर्व लोकांसाठी' वाचताच येत नाही. सायबानं फोटो परत देला. बाबा म्हणतात, सोड आता. मी सोडत नाही. तू यवतमाळात फोटोचं काम शिकून राह्यला, मंग असं काहून झालं ते कळव.

तुही, पंचफुला

यवतमाळ, ९ मार्च

चि. पंचफुलेस जयभीम अन् आशीर्वाद.

चूक माही. दुकानात चेहरे काढायची सवय. तोच लांब लेन्स, त्यातलं उजेडाचं छिद्र पूर्ण उघडं, अन् तुह्यापासून चार हातांवर उभा राह्यलो. उस्ताद घनश्यामजी म्हणाले, जितकं जवळ जावं अन् छिद्र जितकं मोठं ठेवावं, तितका साफ दिसणारा पट्टा पातळ होते. लांब लेन्सनं आणखीच. त्यांनी आपला आखूड लेन्स देला. आता मी मागं सरकीन, छिद्र बारीक करीन, अन् रोख तुह्यावर न धरता तुह्या जरा मागं, काट्यांवर धरीन. मंग तू, काटे, शिळा, तिन्ही साफ येतील. शिळा लहान दिसन, म्हणून फोटो मोठा छापीन.

पण बारीक छिद्रातून उजेड कमी येते. विहिरीवरच्या लिंबाच्या सावलीत तीन सेकंद लेन्स उघडा ठेवावा लागन. तेवढ्यात हललीस तर चेहरा पुसला जाईन. पाटलाची माणसं येतीलच. भेव वाटत असन तर लिही. रविवारी येतो.

तुहा दादा, धर्मपाल

वस्ती, २ एप्रिल

दादास जयभीम.

भेवाचं विचारलं होतं, त्याचं उत्तर मी लिहिलं नाही, उभी राह्यली. तू घड्याळ पाहून राह्यला होता, म्हणून तुले दिसलं नाही. पाटलाच्या भावानं फेकलेलं ढेकूळ माह्या घोट्यावर बसलं. मी हलली नाही.

सायबानं नव्या फोटोवर बोट ठेवून शिळा मोठ्यानं वाचली, पाटलासमोर. हुकूम निघाला. पाच दिवस काटे काढाले कोणी आलं नाही. मंग बाबा, मी अन् वस्तीतल्या बायका कुऱ्हाडी घेऊन गेलो अन् काटे तोडले. पाटील म्हणे, तुम्ही पाणी शिवलं तर आमच्या बायका इथं येणार नाहीत.

मी म्हटलं, "नका येऊ. आम्ही रोज येऊ."

आता त्या नाल्यावर जातात. आम्ही रोज येतो.

माया आहे तशीच राहू दे.

तुही, पंचफुला