बाज विणायला म्हैस

मु. पो. उमरी

राजमान्य व्यंकटी यास चंद्रप्पाचा रामराम. (राजमान्य लिहावं लागतंय म्हणून लिहिलं, लगेच फुगू नको.) इकडं सगळे धडधाकट हायत. तुझी तब्येत कशी हाय ते कळव. फोनवर इचारलं असतं, पर तीनदा लावला अन् तिन्ही वेळंला तुझी सून उज्वला म्हणली, मामा झोपलेत. सकाळी अकराला? इथं होतास तवर चारला उठून माझ्या दाराची कडी वाजवायचास. लातूरला सत्यमच्या घरी आठ महिन्यांत एवढी झोप यायला लागली असंल तर चांगलंच हाय. म्हणून पत्र. पत्राला काय तू झोपलाय म्हणून माघारी लावता येत न्हाई.

तर माझी नात वर्षाराणी नांदेडला डिझाइन शिकतीय. म्हणजे वस्तू करायची न्हाई, कशी करावी त्याचा विचार करायचा, करणारा दुसराच. त्येंना कालिजात सांगितलं की गावाकडली एक वस्तू घ्या अन् नवी करून दाखवा. तिनं बाज घेतली. आपली बाज, व्यंकटी! आपण दोघांनी चाळीस वर्षं विणली, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाळंतिणीला, अन् एकदाबी त्यासाठी भिंतीला कागद चिकटवावा लागला न्हाई. हिनं तीन मैत्रिणी आणल्या, बाजेकडं बघायच्या आधी पिवळ्या चिठ्ठ्यांनी वसरी भरून टाकली. (धार काढायला गेलो तर म्हशीच्या शिंगालाबी एक.) नियम असा की दहा मिनिटं जे सुचंल ते बोलायचं, अन् कुणी कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई. मी सत्तर वर्षं न्हाई म्हणूनच जगलो. तोंड दाबून बसलो. तेवढ्यात पोरींनी बाजेला चाकं लावली, छत्री लावली, मोबाईल चार्जिंगला जागा काढली. मग म्हणल्या, आजोबा, आता उलटा विचार करा, सगळ्यात वाईट बाज कशी करता यील? मी म्हणलं, तुमच्या हातानं. तर तेबी लिहून घेतलं अन् टाळ्या वाजवल्या. ह्या लोकांत माणसाला धड शिवी द्यायची सोय न्हाई.

तिसरी तऱ्हा बदलीची. वस्तूतलं एक काढायचं अन् त्याच्या जागी दुसरं ठेवून बघायचं. वर्षाराणीनं इचारलं, बाज विणायला काय काय लागतंय? म्हणलं, लाकडाची चौकट, अंबाडीची दोरी, अन् समोरच्या बाजूला व्यंकटी. एकानं दोरी घालायची, दुसऱ्यानं ओढून ताणायची. एकट्यानं विणली की तिची झोळी होती, मधी निजलेला माणूस सापडत न्हाई. ती म्हणली, मग व्यंकटी आजोबांच्या जागी काय ठेवता यील? सुचंल ते बोलायची दहा मिनिटं अजून संपली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. म्हैस.

विचार तसा वाईट नव्हता. ओढायला दम पाहिजे, तो तिच्यात हाय, अन् तोंडबी तुझ्यापेक्षा कमी चालतंय. बाज सरकू नये म्हणून शेजारच्या मल्लिकार्जुनला (चहाच्या वासानं आला होता) मधी बसवलं. दोरी म्हशीच्या गळ्यात बांधली. पहिला ताण असा बसला की दोरी टणटण वाजली. मला लई बरं वाटलं. पर तेवढ्यात तुझ्या वहिनीनं हौदाजवळ पेंडीचं घमेलं ठेवलं. म्हैस निघाली, मागं बाज, बाजेवर मल्लिकार्जुन. त्यानं थांबा म्हणायला पाहिजे होतं, पर न्हाई म्हणायचं न्हाई हा नियम त्येच्या डोक्यात पक्का बसलेला. दहा मिनिटं झाली का, दहा मिनिटं झाली का, असं वरडत हौदापर्यंत गेला. लागलं काई न्हाई, फकत धोतराचं टोक बाजेत विणलं गेलं. वर्षाराणी म्हणती राहू द्या, नवं दिसतंय.

सांजच्याला शेवटची तऱ्हा. पाच वेळा 'का' इचारायचं अन् उत्तर आपल्या हातानं चिठ्ठीवर लिहायचं. माझ्या हातात पेन दिला. बाज सैल का? ताणणारा न्हाई. का न्हाई? लातूरला गेला. का गेला? पोरानं बोलावलं. पोरगी चिवट हाय, म्हणती, सत्यमकाका तर सहा वर्षं बोलावत होते, मग आत्ताच का गेले? चौथ्या चिठ्ठीवर लिहिलं, त्येला चार माणसांत बोललो. मुरुडच्या पाव्हण्याची बाज विणताना दोरी सुटली, अन् मी म्हणलं, हात थरथरतोय तुझा, जा, पोराकडं जाऊन बस. तू दोरीचं टोक नीट गुंडाळून ठेवलंस अन् गेलास.

ती म्हणली, का बोललात? मी म्हणलं, चिठ्ठ्या संपल्या. (थप्पी समोरच होती. तिनं वरची एक काढली अन् माझ्या खिशात घातली.)

उज्वलाला आशीर्वाद. सत्यमला म्हणावं, बापाला सकाळचं उठवत जा.

तुझा
चंद्रप्पा

ता. क. तू ये असं मी म्हणत न्हाई. बाज अर्धी पडलीय अन् तुझ्या बाजूची दोरी मोकळी हाय, एवढंच कळवलं.

ता. क. दुसरा. पाचवी चिठ्ठी आत घातलीय. चार दिवस लागले लिहायला. अक्षर वाकडं का, ते चिठ्ठीतच हाय: त्या दिवशी हात माझा थरथरला, अन् नाव तुझं घेतलं.

ता. क. तिसरा. म्हैस आता दोरी दिसली की गोठ्यातून निघत न्हाई. मल्लिकार्जुन चहालाबी येत न्हाई. चारला जाग येती, कडी काई वाजत न्हाई.