खरखरीतला हाशम

धरणगाव, मार्च १९८९

प्रिय हाशम यास कौतिकचा सलाम आणि रामराम (दोन्ही पाठवतो, एक वाटेत गहाळ झाला तर दुसरा पोचेल).

तुझी अम्मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण अम्मीपेक्षा कमीच.

शुक्रवारी दुपारी मस्कतच्या रेडिओवर तुझा आवाज लागणार असं तू कळवलंस, आणि मी उभ्या गल्लीला बोलावून बसलो. सुंदरबाईने (म्हणजे आमच्या मंडळीने, लग्नाला तू नव्हतास म्हणून नाव सांगतो) चहा आणि शेव केली. अम्मी नवी ओढणी घेऊन रेडिओला खेटून बसली. वेळ झाली, काटा लावला, तर नुसती खरखर! शॉर्टवेव्हवरची बाकीची स्टेशनंही मुकी. मी एरियलची तार घेऊन घराच्या मातीच्या धाब्यावर चढलो. खालून गल्ली ओरडतेय, "डावीकडे, अजून डावीकडे!" डावीकडे धाबं संपलं आणि मी शेजाऱ्यांच्या कडब्यात पडलो. तेवढ्यात अम्मीने हात वर केला. "गप बसा! हाऊ मना हाशमच शे!" ती खरखरीला कान लावून हसत होती, मध्येच मान डोलवत होती. मी कडबा झटकत आत आलो आणि काटा तसाच खरखरीवर राहू दिला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ जळगावला नेला. दुरुस्तीवाला म्हणाला, ठणठणीत आहे. बाजारात माझा मेहुणा धनसिंग भेटला (कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो). म्हणाला, "दाजी, सूर्यावर स्फोट झाला असेल. त्याची झळ आपल्या वरच्या हवेला लागली की शॉर्टवेव्ह गडप होते." मला वाटलं, चेष्टा करतोय. तर पुढे म्हणतो, स्फोटानंतर तिथे पाऊसही पडतो. पाण्याचा नव्हे, आगीचा. उसळलेला वायू वर जाऊन जरा निवतो आणि थेंबाथेंबाने परत सूर्यावरच उतरतो. एकेक थेंब उभ्या खानदेशाएवढा! हाशम, भर बाजारात माझे डोळे भरून आले. एवढ्या आगीतून सुटलेलंही माघारी येतं, आणि तू सहा वर्षांत... असो. धनसिंग घाबरून विचारतो, "दाजी, सूर्याकडे बघितलं की काय?"

तुझा,
कौतिक

ता.क. सुंदरबाईने पत्र वाचलं आणि आत्ता सांगते की, अम्मी त्या शुक्रवारीच चुलीपाशी तिला म्हणाली होती, "माले काहीच ऐकू नही उनं. पण कौतिक धाबावरथून पडना, त्याले कसं सांगू?"

आणखी एक. तू रेडिओवर काय काय बोललास ते अम्मी अजून गल्लीभर सांगते आहे. दर वेळी मजकूर बदलतो. फक्त ईदेला घरी येतो म्हणालास, एवढं न चुकता सांगते.