विषय : आबांच्या घड्याळाची किंमत

२२ जानेवारी १९८९, रविवार. दीपनगर.
काल शिंदखेड्याला आबांचं तेरावं झालं. आज सकाळच्या पॅसेंजरने परत. उद्यापासून ड्यूटी. डायरी सुरू करतो आहे, कारण यापुढे सगळ्या बाबींची लेखी नोंद हवी. घरातला कर्ता पुरुष आता मी.

मुख्य बाब : घड्याळ माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी आणलं. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी कोनाड्यात होतं. अक्का म्हणाली, "हाई मनाकडे ऱ्हाऊ दे." मी शांतपणे समजावलं की वडिलांचं घड्याळ मुलाकडे जातं. ती काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

आबा सहा वर्षं अक्काकडे राहिले ही गोष्ट वेगळी. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. शिवाय इथलं ऊन त्यांना सोसलं नसतं. शिंदखेड्यालाही ऊन असतं, पण ते सवयीचं.

२४ जानेवारी
घड्याळाची तपासणी केली. खिशातलं, साखळीचं. मागचं झाकण चांदीचं असावं. डायलवर स्विस मेड एवढंच वाचता येतं. कंपनीचं नाव पुसलेलं. जुन्या भारी कंपन्यांचं असंच होतं.

आबा धुळ्याच्या कापसाच्या जिनात मुकादम होते. भोंगा याच घड्याळावर व्हायचा. जिनाच्या मालकाने विलायतेहून आणून बक्षीस दिलं असणार. आबा असं कधी म्हणाले नाहीत. पण ते काहीच म्हणायचे नाहीत.

दोष : काच गायब. काटे जाड, ओबडधोबड. आकडे घासून गेलेले. अक्काच्या घरात वस्तूंची निगाच नाही. मात्र बारा, तीन, सहा, नऊवर लाखेचा एकेक ठिपका आहे. बायकोला, प्रमिलाला दाखवलं. लाखेचं सील राजघराण्याच्या मालाला असतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "अक्कांना देऊन टाका." बायकांना अँटिकमधलं कळत नाही.

२९ जानेवारी, रविवार
कँटीनमध्ये ऐकलं, मुंबईत अशा घड्याळांना वीस-पंचवीस हजार येतात. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, पण त्याच्या साडूने ऐकलेलं आहे.

नियोजन : स्कूटर. कलर टीव्ही. अक्काला अर्धे.

३० जानेवारी
अक्काला तिसरा हिस्सा. पळापळ सगळी मीच करणार.

४ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टी टाकून जळगावला. बन्सीलाल घड्याळवाले, माणूस जुना आणि बोलका. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पाटीलसाहेब, मशीन चांगलं आहे. पण या अवतारात नव्वद रुपये."

मी हसलो. घेणारा माणूस कमीच सांगतो. राजघराण्याच्या सीलकडे त्यांचं लक्ष वेधलं. ते म्हणाले, "ही तर बांगड्यांची लाख आहे. कुणीतरी थापलीय." मग म्हणाले, की डायल रंगवून घ्या, नवे बारीक काटे टाका, काच बसवा, मग गिऱ्हाईक बघेल तरी. खर्च एकशेदहा.

क्षणभर विचार केला. डायलवर अंगठ्याएवढ्या जागेत रंग जाऊन पितळ दिसत होतं. अशा अवस्थेत हजारांची वस्तू बाजारात नेणं बरं नव्हे. ठेवून आलो.

प्रमिलाने विचारलं, आबांचं घड्याळ कुठे? म्हटलं, दुरुस्तीला. ती म्हणाली, "चालत होतं ना?"

१० फेब्रुवारी
आबा गेल्याला महिना झाला. ऑफिसात सगळे म्हणतात पाटील खंबीर आहेत. आहेच.

प्रमिला म्हणते, तुम्ही एकदाही रडला नाहीत. तिला मी भाऊबीजेची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट राहील.

गेल्या नोव्हेंबरात दोन वर्षांनी शिंदखेड्याला गेलो. प्रवास केला, स्वेटर नेला. आबा ओसरीत खाटेवर बसलेले. मी समोर जाऊन उभा राहिलो तर म्हणतात, "कोन शे?" सख्ख्या मुलाला! टोमणा होता, कळत नाही का? मी म्हणालो, ओळख विसरलात वाटतं. तर नुसते हसले, तेही दाराकडे बघून. स्वेटरचा खोका पुढे ठेवला, हात लावला नाही. मी प्रमोशनचं सांगत होतो, तर मध्येच खिशातून घड्याळ काढून हातात धरलं. म्हणजे काय? निघा आता. मीही समजलो. दुपारची गाडी होतीच. अक्का चुलीपाशी पुऱ्या तळत होती, तिला हाक मारून निघालो. "जेवी तं जाय," म्हणाली. नाही थांबलो. माणसाला स्वाभिमान असतो.

जानेवारीत थेट तारच आली.

असो. मी ते मनात ठेवलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार
घड्याळ मिळालं! ओळखू येत नाही इतकं सुंदर. पांढरीशुभ्र डायल, सुईसारखे निळे काटे, चकचकीत काच. प्रमिलाने पाहिलं आणि आत गेली. भारावली असावी.

बन्सीलाल आता दीडशे म्हणतात. मी घड्याळ खिशात घातलं. शेवटी त्यांनीच सांगितलं की झाकणाच्या आतल्या बाजूला धुळ्याच्या कारागिराची खूण कोरलेली आहे, र आणि खाली तारखा. आग्रा रोडच्या गल्लीत रतिलाल म्हणून बसतात, खिशातली घड्याळं त्यांच्याइतकी कुणाला कळत नाहीत. म्हणजे तज्ज्ञ. हेच आधी सांगायचं!

अक्काला एक चांगली साडी घ्यावी. नऊवारी.

२५ फेब्रुवारी, शनिवार. धुळे, एसटी स्टँड. दुपारी ३.
बस चारची आहे. बाकावर बसून लिहितो आहे.

रतिलालशेठ सत्तरीचे. दुकान म्हणजे एक टेबल आणि एक स्टूल. मी म्हणालो, जुनी वस्तू आहे, व्हॅल्युएशन करायचं आहे. त्यांनी डायल पाहिली, काही विशेष नाही असं तोंड केलं. मग डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि थांबले.

"हे झुलाल आबाचं घड्याळ," म्हणाले. "तुमच्याकडे कसं?"

मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा, सुकदेव.

"आबा?"

म्हणालो, गेले. नऊ जानेवारीला.

त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, टोपी काढली, परत घातली. मग डायल पुन्हा उजेडात धरली. "हे कुणी केलं?"

मी सांगितलं, जळगावला करून घेतलं, काच फुटलेली होती, काटे खराब होते.

"फुटलेली नव्हती. काच मीच काढली होती."

मग ते बोलत गेले. अक्का आबांना हाताला धरून घेऊन आली होती, दोन उन्हाळ्यांपूर्वी. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, दुसरा त्या वर्षी जायला लागला, गेल्या पावसाळ्यात पूर्ण गेला. आबा म्हणाले, शेठ, मले टाइम कळत नाही तर दिवस सरत नाही. म्हणून शेठनी काच काढली, बोटाने काटे चाचपता यावेत म्हणून. आधीचे बारीक काटे बोट लागलं की वाकायचे, म्हणून पितळेची पट्टी कापून जाड काटे घडवले. लाखेचे ठिपके अक्काने दिले, चार, बोटाला आकडे कळावेत म्हणून. "पहिल्या दिवशी इथेच स्टुलावर बसून तीनदा टाइम सांगितला. तिन्ही वेळा बरोबर. लहान पोरासारखे हसले. नंतर सारखा हातच त्यावर. डायल घासायची. मी म्हणायचो, आबा, रंग जाईल. ते म्हणायचे, जाऊ दे, मले कुठे दिसतो."

मग मला म्हणाले, "तुम्हाला माहीत असेलच हे."

मी म्हणालो, हो, माहीत होतं.

एकदम तोंडातून निघालं.

किंमत विचारायची राहिली होती. विचारली नाही. त्यांनीच सांगितली. एकोणीसशे एक्कावन्नला त्यांच्या वडिलांनी हे घड्याळ आबांना जुन्यात विकलं होतं, पंचेचाळीस रुपयांना. आता शंभर धरा.

बस लागली.

२६ फेब्रुवारी, रविवार
डोकं दुखतं आहे. जेवलो नाही.

विचार करता एक गोष्ट लक्षात येते. चूक दुरुस्त करता येते. घड्याळ पूर्ववत करायचं. जळगावहून जुने काटे आणायचे, धुळ्याला बसवायचे, काच काढायची, ठिपके द्यायचे. आठवड्याचं काम. मग अक्काला नेऊन द्यायचं. प्रश्न मिटला.

२ मार्च, गुरुवार
अर्धी रजा. बन्सीलालनी जुन्या काट्यांचा डबा माझ्यासमोर पालथा केला. शंभरएक काटे असतील. मी तासभर निवडत बसलो. पितळेचे, हाताने कापलेले, एवढं सोपं वर्णन. पण सापडले नाहीत. ते म्हणाले, मोडीत गेले असतील साहेब, दोन रुपयांचा माल, तुम्ही तेव्हा बोलला नाहीत. खरवडलेल्या लाखेबद्दल मी विचारलंच नाही.

डायलचा रंग काढता येईल का? येईल म्हणाले. पण खालची घासलेली जागा पॉलिशमध्ये सपाट झाली, ती परत यायची नाही.

४ मार्च, शनिवार
धुळे. रतिलालशेठनी काच काढली, नवे जाड काटे कापून बसवले. लाख चुडीवाल्याकडून मीच आणली. ठिपके त्यांनीच दिले. मजुरी घेतली नाही. म्हणाले, "आबाचं काम आहे."

मी डोळे मिटून टाइम ओळखून पाहिला. सव्वा बारा म्हणालो. तीन वाजून एक मिनिट झालं होतं. सवयीने जमेल.

५ मार्च, रविवार
महाशिवरात्र जवळ आली, अक्काच्या घरी साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. मी घड्याळ तिच्या हातात दिलं. म्हणालो, तुझ्याकडेच राहू दे, मी जरा व्यवस्थित करून आणलं.

ती ओसरीच्या पायरीवर बसली. तिने डोळे मिटले आणि अंगठा डायलवर फिरवला. पुन्हा फिरवला. कसली तरी जागा शोधत होती. मग डोळे उघडले.

"चांगलं शे," म्हणाली. "पन हाई ते नही."

मी समजावत राहिलो. मशीन तेच, झाकण तेच, साखळी तीच. ती "हां" म्हणत होती. तिने पदराने घड्याळ पुसलं आणि माझ्याकडे परत दिलं. म्हणाली, "तुले लागी." मला कशाला लागेल?

मग माझा तोल गेला. मी ओरडलो. आबांना दिसत नाही हे मला एका शब्दाने का सांगितलं नाही? भाऊबीजेला मी समोर उभा होतो, तेव्हा का नाही सांगितलं? मला किती वाटलं असेल, मी काय काय समजलो, याचा कुणी विचार केला का? शेजारची सुंदरबाई दारात येऊन उभी राहिली.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी पडलो-बिडलो असतो तर बघितलं असतं, तसं.

"तुले तं कारड टाकेल व्हतं, भाऊ," म्हणाली. "म्हनीसन मी समजनू, तुले माहीत शे."

कार्ड मला मिळालेलं नाही. तिला तसं स्पष्ट सांगितलं. पोस्टाचा कारभार. निघताना तिने डब्यात पापड्या दिल्या.

६ मार्च, सोमवार
पोस्टमास्तरांकडे रीतसर लेखी तक्रार करायची. इतकं महत्त्वाचं पत्र गहाळ होणं म्हणजे गंभीर बाब. मुलगा बापाला पारखा झाला. हे वाक्य तक्रारीत घालायचं. मसुदा तयार : "सन १९८८ मधील आवक पत्रव्यवहाराची तपासणी केली असता सदर पोस्टकार्ड प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही."

वाक्य लिहिलं म्हणजे तपासणी करणं आलं. घरच्या पत्रांची फाईल ऑफिसच्याच शिस्तीने ठेवतो. उद्या बघतो. नुसती औपचारिकता.

७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.
फाईल काढली. कार्ड फाईलमध्ये आहे. लाईट बिलाच्या आणि एलआयसीच्या नोटिशीच्या मध्ये. अक्षर अक्काचं, चौथीपर्यंतचं. जसंच्या तसं उतरवतो.

"३ ऑगस्ट ८८. चि. सुकदेव यास अक्काचा आशीर्वाद. आबाला आता बिलकूल दिसत नाही. धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं, येणार नाही. आबा रोज विचारतात सुकदेवचं कागद आलं का. तू सवड काढून ये. आलास की बोलायच्या आधी त्यांचा हात हातात घे, म्हणजे त्यांना कळेल. आवाज त्यांना लवकर ओळखू येत नाही. विचारायला लाजतात. तुझी अक्का."

कोपऱ्यात लाल शाईत शेरा आहे. पाहिले. फाईल करणे. खाली तारीख, ८ ऑगस्ट.

सही माझीच आहे.