पहिले वेलवांगे

॥ श्री ॥
धार, मार्गशीर्ष वद्य ३, शके १८३०

चिरंजीव भास्करास अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही सारी खुशाल. तुझी व कमलची खुशाली कळवीत जा, नाहीतर इकडे जीव टांगणीला लागतो.

वेलवांग्यांचे, साहेबलोक ज्यांना टोमॅटो म्हणतात त्यांचे, मला काही उमगेनासे झाले आहे. कमलच्या आईने, विनोदिनीने, जाण्याआधी स्वतःच्या हाताने बियांची पुरचुंडी बांधून दिली होती. पहिल्या साली एकेक फळ ओंजळभर आले. दुसऱ्या साली लिंबाएवढे, आणि यंदा आवळ्याएवढे. खत तेच, पाणी तेच, हात तोच. शेजारच्या जानकीबाई म्हणतात, लाल फळ सोवळ्याच्या घरात लावले त्याचा हा कोप. मग पहिल्या साली कोप कुठे निजला होता? तू शिकलेला, तूच काय ते सांग. मी आपली गोंधळून बसले आहे.

लोभ आहेच, तो वेलवांग्यांसारखा आटू देऊ नये.
अक्का

॥ श्री ॥
देवास, पौष वद्य १०

तीर्थस्वरूप गं. भा. अक्काच्या चरणी भास्करचे साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

इकडेही वेलवांग्यांवर संकटच आले. परवा पहाटे दंव गोठले आणि सारी झाडे काळी पडली. कमलच्या आईच्या डबीतले उरलेसुरले बी यंदा पेरले होते. थोडे मागे ठेवावे एवढी अक्कल मला झाली नाही. आई गेली तेव्हा कमल पाच वर्षांची होती. आईचे म्हणून तिच्यापाशी हेच उरले होते. आता सारखी वाफ्याशी जाऊन बसते. मला फार वाईट वाटते, अक्का.

दरबारच्या बागेतला तुकाराम माळी भीत भीत मला समजावत होता, की जे फळ बियाला धरावे तसेच पुढे येते. तू बी कोणत्या फळाचे धरतेस? आता ते बी जगात तुझ्याच घरी आहे, आणि तेही आवळ्याएवढे.

आशीर्वाद असू द्यावा, त्यावाचून दुसरे बळ नाही.
भास्कर

॥ श्री ॥
धार, माघ शुद्ध १२

चि. भास्करास अनेक आशीर्वाद. पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. पहिले आणि सर्वांत मोठे फळ आपण घरात ठेवतो का कधी? ते देवाचे. दर साली मी ते वाटेवरच्या गणपतीला दिले, मागची चांगली शेजारपाजारी वाटली, आणि शेवटी झाडावर जे खुरटे राहिले त्याचे बी राखेत घोळून ठेवले. म्हणजे विनोदिनीचे बी मीच बुडवले. देवाला चांगले द्यावे यात चूक कुठे, हे मला अजून कळत नाही.

तशीच उठून देवळात गेले. संताजी गुरव आधी चाचरला. मग कबूल झाला, की लाल फळ गाभाऱ्यात न्यायची छाती झाली नाही, तिन्ही साली मागे निर्माल्यात ठेवले. मागे जाऊन पाहते तो निर्माल्याच्या ढिगावर वेलवांग्यांचे रान, आणि फळे ओंजळभर! मी तिथेच रडले. संताजी म्हणे, निर्माल्याला हात लावू नये, आधी कौल लावू. मी म्हटले, कौल कसला? देवाला हवे असते तर त्याने तुला आत न्यायला लावले नसते का? सर्वांत मोठे तोडून आणले. बी वाळवून सोबत पाठवते.

पण पहिले फळ देवाला देऊ नको, असे काही माझ्या तोंडून निघत नाही. तुझे तूच ठरव.

कमलला माझे पोटभर आशीर्वाद, उरतील ते तुला.
अक्का

॥ श्री ॥
देवास, पौष शुद्ध ६, शके १८३१

ती. गं. भा. अक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार. पहिले फळ काल पिकले. कमलच्या दोन्ही हातांत मावेना. देवाला द्यावे की बियाला धरावे, याचा मी सकाळभर घोळ घातला.

कमल आली, तिने फळ चिरले, बी वेगळे काढले आणि गराला साखर लावून वाटी देवापुढे ठेवली. मी बघतच राहिलो. तर म्हणाली, आई असेच करायची, गर देवाला, बी घराला, मग सगळ्यांना प्रसाद. इतकी वर्षे आपण दोघे चाचपडलो, अक्का, आणि पोरीने सारे पाहून ठेवले होते. तिला कोणी विचारलेच नाही.

तुझ्या वाटणीचे बी पाठवतो. पुरचुंडी कमलने बांधली आहे. गाठ सावकाश सोड, ती तुझ्या ओळखीची आहे.

तुझा
भास्कर