कावळ्याला कबूल केलेला दांडा

बा, मी कोण ते आधी सांगते, नायतर सगळं ऐकून घेशील आणि शेवटी विचारशील, तू कोणाची गो? मी तुझी मधली. रोह्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे उभी करून तू जिला विसरलास आणि कोंबडी तेवढी आठवणीनं घरी घेऊन गेलास, ती. लिहितेय माझी नात. कंपनीत जाते, आज तिला सुट्टी हाय. मी बोलते ते सुधारू नको म्हणून तिला बजावलंय.

तुझी कुऱ्हाड अजून माझ्याकडे, सासरी गडबला हाय. परवा लाकडं फोडताना पातं दांड्यातनं सुटलं आणि थेट पेरूच्या झाडाखाली जाऊन पडलं. कोणाला लागलं नाय, एक कोंबडी तेवढी दिवसभर रुसली. मुलगा म्हणाला, "आई, आता सोड तो दांडा. पेणवरनं फायबरचा आणलाय, जन्मभर हलायचा नाय." मी म्हटलं, कोणाच्या जन्मभर, तुझ्या की माझ्या? तो हसला, पण जुना दांडा उचलून चुलीच्या लाकडांत टाकलाच. मी तशीच उठले. कारण हा दांडा टाकायचा नाय असं मी कबूल केलंय, तेही तुझ्या कावळ्याला. तुझ्या दहाव्याला सगळे नदीवर ताटकळले होते. भाऊ म्हणाले, शेत सांभाळू, आईला सांभाळू. कावळा आपला फांदीवर बसून भलतीकडेच बघतोय. मेल्यावरपण तुझं ध्यान ठिकाणावर नाय. शेवटी मी पुढे झाले, म्हटलं, बा, तुझ्या हातचा दांडा मी कधी टाकणार नाय. तसा तो खाली आला आणि घास घेऊन गेला. घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती रडतारडता पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. का हसली ते पुढे सांगते, घाई करू नको, आता तुला कुठे जायचंय?

तर परवा मी दांडा लाकडांतनं परत ओढला आणि अंगणात पाय पसरून बसले. मुलाचं म्हणणं, कुऱ्हाड बादलीत भिजत घालू, लाकूड फुगेल. तुझंच बोलणं माझ्या तोंडून निघालं, पाण्यानं बसवलेलं पाण्यापुरतंच. जुनी पाचर कोरून काढली, दांड्याचं तोंड काचेनं खरवडलं, पातं चढवलं. मुलगा पात्यावरच हातोडा हाणायला निघाला. त्याला बाजूला सारून दांडा उलटा धरला, पातं खाली लोंबतंय, आणि वरनं दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरी ठोकली. पात्याला कोणी हात लावत नाय, तरी एकेका ठोक्याला ते दांड्यावर घट्ट चढत जातं. सुकल्या चिंचेच्या लाकडाची नवी पाचर मारली. मुलानं आंब्याच्या ओंडक्यावर घाव घातला, एका घावात दोन फाका. दहा ओंडके फोडले, पातं जागचं हललं नाय. फायबरच्या दांड्यानं सून आता मांजर हाकलते.

ही उलटी युक्ती तू शिकवलीस, पण मला नाय, भावांना. मी दारात वाल सोलत बसलेली. मी हात पुढे केला तर म्हणालास, "पोरीच्या हातचा दांडा पुढचा पावसाळा बघत नाय." ते मला फार लागलं. पुढे तू हळदीला म्हणून पाहुण्यांकडे गेलास तो तीन दिवस आलाच नायस. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी कुऱ्हाड उचलली, एका बुंध्यावर चुकीचा घाव घातला आणि तुझा दांडा उभा चिरला. आईनं दोन तुकडे उचलले आणि चुलीत सारले. माळ्यावर तू धामणीच्या झाडाची काठी वाळत टाकली होतीस, वाकेल पण मोडणार नाय अशी. मी ती कोयत्यानं तासली, काचेनं घासली, आईनं तेल आणि काजळी चोळून तिला जुनी केली, आणि तुझ्याच युक्तीनं मी पातं चढवलं. तू रात्री आलास, कुऱ्हाड दोनदा फिरवलीस आणि म्हणालास, "माझा दांडा बघ, हातात कसा बसतो." पुढे माळ्यावर ती काठी शोधायला लागलास, तर आई म्हणाली, तुम्हीच कोणाला तरी दिलीत. तुला तेपण पटलं. मग कित्येक पावसाळे तू येईल जाईल त्याला तो दांडा दाखवायचास आणि मी दारात मान खाली घालून वाल सोलायची.

मग तुझ्या शेवटच्या थंडीत तू ती कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आलास. गडबला उतरायचं विसरून पार वडखळला उतरलास, आणि तिथनं चालत. म्हणालास, "ठेव, तुझ्या हाताला बसेल." मी विचारलं, दोन मुलगे असताना मला का? तू म्हणालास, "आठवत नाय," आणि पोह्याचा पापड मोडून तोंडात टाकलास. बा, तेवढं एक मला आजपण कळत नाय. खरंच विसरला होतास, की सगळं ठाऊक असून एवढी वर्षं सोंग केलंस?

माहीत नसेल तर ऐक. दांडा माझा हाय. मी तुझ्या कावळ्याला फसवलं. तुझा दांडा त्याच दिवशी जळला, त्याच्यावर आईनं वालाचं बिरडं शिजवलं, आणि तू ताट पुसून खाऊन म्हणालास की असं बिरडं जन्मात खाल्लं नाय.

नात विचारते, पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? म्हटलं, तांदळाच्या डब्याखाली ठेव, बा आला तरी भलत्याच गावाला उतरेल. सर्वपित्रीला त्याच्या पानावर गोड काय नको. वालाचं बिरडं वाढ आणि वर एक पोह्याचा पापड. गॅसवर नको गो, चुलीवर शिजव. लाकडं मी फोडून देते.