रांगेतले दगड

३ डिसेंबर
अखेर बदली झाली. वाळवंटातल्या चौकीत उंटांना सलाम ठोकण्यात उमर गेली, त्यापुढे नाईलकाठचं वाद-नूरा म्हणजे स्वर्गच. काम काय, तर पावाच्या भट्टीसमोर पहारा. पीठ राजधानीहून येतं, आलं तर. म्हणून पावासाठी रांग. गाव शांत ठेवलं तर क्वार्टर देऊ, असं वरिष्ठांनी कबूल केलंय. मग इख्लास आणि तान्ही तसाबीह इथे येतील. लेकीला मी अजून फोटोतच पाहिलंय.

इथली रांग मजेदार आहे. ऊन चढलं की लोक आपापल्या जागी एकेक दगड ठेवून घरी जातात. कुणाचा कुठला, ते सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याच्या दगडाला कुणी हात लावत नाही. पहिली बहुधा हाजा बतूलची अर्धी लाल वीट. म्हातारी तोंडाची फटकळ. मला म्हणाली, "साहेब, तुम्हीपण एक ठेवा की. वर्दीला पोट नसतं होय?" मला हसू आवरेना.

९ डिसेंबर
पीठ नाही. ते सीमेपार कोण विकतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण लाठी माझ्या हातात दिलीय आणि ती पोरांवरच चालवायची. आज घोषणा झाल्या. वरून हुकूम आला, रस्त्यावर फेकण्याजोगं काही ठेवू नका. मी रांगेतले सगळे दगड ट्रकमध्ये भरून नदीत टाकायला लावले. हवालदार कंबाल इथलाच. तो म्हणाला की साहेब, हे दगड नाहीत, माणसं आहेत. मी त्याला झापलं.

१० डिसेंबर
पीठ आलं. जागा कुणाचीच उरली नव्हती, त्यामुळे सगळे एकदमच दाराला भिडले. रेटारेटीत माझी टोपी पडली आणि मी घाबरलो. गोळीबाराचा हुकूम मीच दिला. बतूल दारातच पडली, हातात रिकामी पिशवी.

अहवालात लिहिलं की जमावाने दगडफेक केली. रस्त्यावर एक दगड नव्हता. मीच उचलवले होते. वरून शाबासकी आली, क्वार्टरही मिळालं. इख्लासला फोन करून बोलावून घेतलं. थू माझ्या जिण्यावर.

१३ डिसेंबर
दगड परत आलेत. नदीचा गाळ अजून ओला. सगळे नाहीत, जेवढी माणसं मेली तेवढेच. सर्वांत पुढे लाल वीट. भट्टीसमोर नाहीत, माझ्या क्वार्टरच्या भिंतीलगत, तोंड कब्रस्तानाकडे. दोनदा फेकून आलो. पुन्हा तिथेच.

१५ डिसेंबर
कंबालने रांगेच्या शेवटी स्वतःचा दगड ठेवला. गोळी त्यानेही झाडली होती, आणि बतूल त्याची सख्खी मावशी. मी दगड उचलायला गेलो तर त्याने माझा हात धरला.

१६ डिसेंबर
कंबाल सकाळी उठलाच नाही. अंगावर जखम नाही. त्याच्या दगडावर ओला गाळ — तो दगड तर नदीत कधी गेलाच नव्हता. इख्लासला सांगायला हवं, येऊ नकोस. फोन सरकारने बंद केलेत.

१७ डिसेंबर
आल्या दोघी. तसाबीहने माझं बोट घट्ट धरलं, सोडेना. उद्याच्याच गाडीने परत पाठवतो. का, ते सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

१८ डिसेंबर
तिकिटं घेऊन आलो. इख्लास दारातच, खुशीत. म्हणाली, "तुम्ही फोनवर सांगितलेली पावाची रांग भिंतीशी दिसली, मीही मागे एक दगड ठेवून आले. तसाबीहच्या नावाने. लेकराला कोण नाही म्हणेल?"

कंबालच्या मागे — पांढरा गोटा, मुठीएवढा. दोन्ही हातांनी ओढला. पहार लावली. हलत नाही. बाहेरच बसून लिहितोय, आत जायची हिंमत नाही —

माझा दगड लेकीच्या गोट्यापुढे घुसवला. तिच्याऐवजी मला घ्या म्हटलं. बाहेर ढकलतात. जागा देत नाहीत —

गोट्यावर ओल येतेय —

आतून इख्लास हाक मारतेय, अहो, बघा ना, ही डोळे का उघड