चांगुणेच्या डब्याला शाल

मु. पो. गोरेगाव, ता. हिंगोली, जि. परभणी
आषाढ वद्य पंचमी, शके १८९८

भिवाजीराव मेहुणे यांस,

तीर्थरूप लिहावे तर तुम्ही वयाने धाकटे, चिरंजीव लिहावे तर औरंगाबादेत स्वतःचे माडीचे घर बांधलेले गृहस्थ. म्हणून नुसते नाव लिहून प्रेमाचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. तुमचा गुडघा कसा आहे, रुक्माबाईंचा दमा पावसाने उचल खात नाही ना, ते कळवावे. (गुडघ्यासाठी पाठवलेली तेलाची बाटली तुम्ही कपाटात ठेवून दिल्याचे ऐकतो. ते तेल कपाटाला लागू पडत नाही.)

तुमचे पत्र पोचले. आमच्या चांगुणेसाठी वाशिमचे स्थळ काढलेत, मुलगा नोकरीत कायम आहे, आणि ‘मुलीच्या जातीला तारांशी काय करायचे’ असेही लिहिलेत. तुमची बहीण पद्माबाई हिने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. इकडे पोरीचा तुमच्याच औरंगाबादच्या तंत्रनिकेतनात नंबर लागलेला. तिकडे जायचे की बोहल्यावर चढायचे, यावरून आमच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती. तेव्हा उत्तराआधी त्या तारांनी काय केले ते सविस्तर लिहितो.

मॅट्रिक झाल्यापासून चांगुणा गावचे रेडिओ उघडून बसते, हे तुम्ही जाणताच. यंदा तिने जीपच्या बॅटरीवर ट्यूबलाइट लावणारा डबा केला. आत एक ट्रान्झिस्टर आहे. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. निमिष म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ, एवढेच आम्ही पाठशाळेत शिकलो. आमची कन्या त्या निमिषाची कोथिंबिरीसारखी चिराचिर करते. तो चिरलेला प्रवाह एका काळ्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेतून जातो, तिथे त्याचा जोर वाढतो आणि नळीतला वायू पेटतो. (पेटतो म्हणजे जळत नाही, उजळतो. ही दुरुस्ती तिचीच.) चोक नाही, स्टार्टर नाही, लुकलुक नाही. टोके काळी पडून शाळेने फेकून दिलेली नळीसुद्धा या डब्यावर लख्ख लागते. निवृत्तीला आलेल्या वस्तूंविषयी घरात कुणाला तरी आस्था आहे, हे पाहून मला धीर आला.

सगळे सुखासुखी झाले असे मात्र नाही. तारेचे वेटोळे मेणात बुडवायचे असते. ते मेण तिने दुधाच्या पातेल्यात वितळवले आणि पुढे कित्येक दिवस आमच्या चहाला मेणबत्तीचा वास येत होता. शिवाय पहिला डबा शीळ घालायचा. उपवर मुलीच्या खोलीतून शीळ ऐकू येते म्हटल्यावर तुमची बहीण काठी घेऊन आत गेली. मग पोरीने तारेचे वेढे कमी केले, तशी शीळ माणसाच्या कानापलीकडे गेली. आता ती फक्त शेजारच्या कुत्र्याला ऐकू येत असावी, आणि त्याची तक्रार अद्याप लेखी आलेली नाही. एक पथ्य तेवढे राहिले. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून त्याच्या पाठीला पत्रा आणि डब्याला भोके. त्याला वारा लागलाच पाहिजे.

गेल्या गुरुवारी गावच्या वाचनालयाचे उद्घाटन होते. चांगुणेने आपला डबा मांडवात आधीच लावून ठेवला होता. दिवेलागणीला वीज गेली. लग्नाकार्याला गॅसबत्ती पुरवणारा आपला गोपीचंद कोपऱ्यात पंप मारत बसलेलाच होता. “गुर्जी, पोरीचा खेळ हाये, मी आपली बत्ती भरून ठेवतो,” म्हणाला. चांगुणेने कळ दाबली आणि मांडव असा उजळला की लोकांना एकमेकांचे मळके सदरे दिसू लागले. सरपंच दगडोबा गहिवरले. पाहुण्यासाठी आणलेली शाल त्यांनी पोरीच्या सत्कारासाठी उचलली, आणि अडले. बिनलग्नाच्या पोरीच्या अंगावर चारचौघांत परक्या पुरुषाने शाल कशी घालावी? बायांतून कुणी पुढे येईना. बापाला घालावी, तर बापाने काय केले? (हा प्रश्न त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या माईकशेजारी विचारला.)

“आसं करू,” दगडोबा म्हणाले, “कष्ट तर डब्यानंच केले ना? त्यालाच पांघरू.” आणि बाळंतिणीच्या लेकरासारखा डबा गुंडाळून वर हार घातला.

“काका, काढा ती. त्याला वारा पायजे,” चांगुणा म्हणाली.

“मानाची शाल हाये बाई. भाषण झाल्याबिगर काढत न्हाईत.”

दगडोबांचे भाषण तुम्ही ऐकले आहे. ट्रान्झिस्टरने ऐकले नव्हते. तो बिचारा निजामाच्या राजवटीपर्यंत तग धरून होता. मुक्तिसंग्राम सुरू होताच जळाला.

अंधारात गोपीचंदची बत्ती डुलत आली. “काहून गुर्जी, म्हनलं होतं का न्हाई?” मंडळी हसली. बायांच्या बाजूला पद्माबाईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मी वाशिमच्या दिशेने विचार करू लागलो. तेवढ्यात चांगुणा उठली, हार बाजूला केला, शाल सोडवली, आणि खाली चिखल म्हणून ती स्वतःच्याच खांद्यावर टाकली. रुमालाच्या गाठीतून दुसरा ट्रान्झिस्टर काढला. (जळायचाच तर जवळ एक असावा, हे तिला कुणी शिकवले नाही. निदान मी नाही.) “गोपीकाका, बत्ती खाली धरा. आजून खाली. हालून राहिले तुमी.” आणि गोपीचंद कमरेत वाकून, श्वास रोखून, तिच्या हातावर उजेड पाडत उभा राहिला. पेच आवळून झाले, नळी पुन्हा लागली. दगडोबांनी भाषण तिथेच आटोपले, याचे श्रेयही मी पोरीलाच देतो.

पद्माबाई शेजारच्या पारुबाईला एवढेच म्हणाली, “माझी हाये ती.” घरी आल्यावर मला विचारले, “औरंगाबादची येष्टी हिंगोलीहून कवा सुटते वो?”

रुक्माबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा नवरा,
सोनाजी

ता. क. वाशिमकरांना नम्रपणे कळवावे की मुलगी तीन वर्षे कामात आहे.

ता. क. दुसरा. मुलींच्या राहण्याची तिथे सोय नाही म्हणतात. तुमची माडीवरची खोली मोकळी असते. सवडीने विचार करून लिहावे, घाई मुळीच नाही.

ता. क. तिसरा. वरचे शेवटचे वाक्य शिष्टाचाराचे आहे. पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलेच असेल. पत्र देणारी अजून दारातच उभी असणार. मामाने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असे तिच्या आईने बजावले आहे. तेव्हा वाचून झाले असेल तर ‘ये’ म्हणा.